मिलिटरी छापाचं जाकीट

गंगाखेडात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली, निळा पडदा, स्टूल आणि झेरॉक्सचं मशीन. मान सरळ, चष्मा काढा, पदर सारखा करा, हसू नका. दिवसातून इतक्या वेळा हे म्हणावं लागतं की एकदा जेवताना नवऱ्यालाही मान सरळ करायला सांगितली.

पन्नाशी जवळ आली तेव्हा स्टुलावर न बसणाऱ्या कशाचा तरी फोटो काढावा असं वाटायला लागलं. राणीसावरगावच्या रस्त्याला एसटीच्या खिडकीतून मी हरणांचा कळप बघितला होता. मधोमध एक काळवीट, पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळदार. त्याचा समोरून, डोळ्यांत बघणारा फोटो मला हवा होता. जुनी पण चांगली लांब लेन्स घेतली. तीन हिवाळे मी त्याच्या मागे फिरले. कळप मला दुरूनच बघायचा आणि निघून जायचा.

वन्यजीवांचे फोटो काढणारे अंगावर पानापानांचे कपडे घालतात हे मी मोबाइलवर बघितलं होतं. परभणीहून तसं जाकीट मागवलं. हिरवं, तपकिरी, मिलिटरी छापाचं, दहा खिशांचं. सोबत पँट, टोपी आणि तोंडावर ओढायची जाळी. पहिल्यांदा ते घालून एसटीत चढले तर कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बॉर्डर तिकडं न्हाई. ही गाडी राणीसावरगावला जायलीय." सगळी गाडी हसली. मी तिकीट घेतलं आणि खिडकीपाशी बसले. लोकांच्या हसण्यानं फोटो बिघडत नाही.

त्या वर्षी माघात काळवीट एका हरभऱ्याच्या रानात रोज यायचं. रान ओळखीच्यांचं होतं. मालक म्हणाले, "या की, तुमचंच रान हाय." पण हरभरा वाळत आला होता. काढणीला चार दिवस लागणार, आणि रान मोकळं झालं की कळप डोंगराकडं सरकणार. म्हणजे फोटो मिळाला तर या चार दिवसांत, नाहीतर पुढच्या वर्षी.

पहिल्या दिवशी मी अंधारातच स्कूटीवर निघाले. बांधापलीकडं ओघळ होता, कडेला बाभळी. तिथं गवतात पालथी पडले, जाळी ओढली, लेन्स पुढं केली. अंगाखाली ढेकळं टोचत होती, पण मी हलले नाही. आता आपण कुणालाच दिसत नाही, याचा मला अभिमानही वाटत होता.

उजाडायच्या बेताला बायकांची टोळी आली. हरभरा सकाळच्या दवातच उपटतात. ऊन चढलं की घाटे फुटतात आणि दाणे खाली सांडतात. हे मला ठाऊक होतं. टोळी आल्याबरोबर कामाआधी बांधापलीकडं जाते, हेही कुठल्याही बाईला ठाऊक असतं. माझ्या मात्र ते डोक्यातच आलं नाही. मी फक्त काळविटाचा विचार केला होता.

एक तरणी पोरगी ओघळात उतरली आणि माझ्यापासून चार हातांवर थांबली. मी खोकले.

"डुक्कर! अगं माय, रानडुक्कर!"

पहिलं ढेकूळ पाठीवर बसलं, दुसरं टोपीवर. मी उठून उभी राहिले, तर आरडाओरडा आणखीच वाढला. शेवटी जाळी काढली आणि ओरडले, "अहो, मी बाई आहे!"

सगळ्यांची नजर माझ्या तोंडावरून हातातल्या कॅमेऱ्यावर गेली, आणि ती नजर मला ढेकळांपेक्षा जास्त लागली.

टोळीची मुकादमीण पुढं आली. साठीची, काटक, नऊवारीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट, डोक्याला टॉवेल, दोन्ही हातांत पुरुषी मोजे. हरभऱ्याच्या पाल्याला आंब असते, ती हाताची कातडी सोलते, म्हणून मोजे.

"तुमी फोटोवाल्या बाई न्हवं? गंगाखेडच्या?"

"हो, मावशी. हरणाचा फोटो काढायला आले. मालकांना विचारलंय."

"मालक येतो का इथं बांधामागं?"

मी कॅमेरा खाली केला.

"तुमच्या दुकानात आल्ते मी, रेशनकार्डाच्या फोटोला. तवा तुमी म्हन्ल्या, मावशी, पदर सारखा करा. मी केला. मग तुमी फोटो काढला. आज कुनाला म्हन्ल्या सारखा करा?"

आवाज चढवला नाही तिनं. माझ्या धंद्याचा नियम तिनं मला माझ्याच शब्दांत ऐकवला होता. मी माफी मागितली. तिनं ती घेतलीही नाही आणि फेटाळलीही नाही. म्हणाली, "आदी डब्बा दावा. त्यात आमी हाव का, बघू दे. आमी असलाव तर ही टोळी आज रानात उतरायची न्हाई, आन् तुमी बी पुन्हा दिसायच्या न्हाई."

मी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला आणि एकेक फोटो पुढं सरकवला. सगळ्या डोकी घालून बघायला लागल्या. तीन वर्षांची कमाई. पळणारी हरणं, मागून. दूर जाणारी हरणं, मागून. उडी मारणारं एक, तेही मागून.

ती तरणी पोरगी म्हणाली, "सगळे ढुंगनाचेच फोटू हायत की वो मॅडम!"

मग जे हसणं सुटलं, त्यात मुकादमीणही सापडली. टॉवेलानं डोळे पुसत म्हणाली, "लपून पडल्यावर आनखी काय दिसनार?"

"मग काय करू?"

"हरीन आमाला भेतंय का? बघा की. आमी वाकताव, उठताव, दिसभर बडबड करताव. त्येला म्हाईत हाय ह्या बाया हायत. जो गप पडून राहतो तो लांडगा. तुमी लांडग्यावानी पडल्या, मग ते पळंल न्हाई तर काय करंल?"

वन्यजीव फोटोग्राफीचे इतके व्हिडिओ बघितले, त्यात हे एकानंही सांगितलं नव्हतं. आयुष्यभर वाकून काम करता करता तिनं हे पाहून ठेवलं होतं, आणि मी विचारेपर्यंत कुणी तिला विचारलंच नव्हतं.

तिनं अटी घातल्या. उद्यापासून यायचं तर लुगडं नेसून, वर शर्ट घालून, टोळीबरोबर. हातात पात धरायची, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी उपटत पुढं जायचं. नुसतं उभं राहायचं नाही. बांधामागं कॅमेरा न्यायचा नाही. आणि फोटो काढायच्या आधी दरवेळी विचारायचं, दुकानात विचारते तसं.

"विचारलं तर हरीण पळेल ना, मावशी."

"पळालं तर पळालं."

मी कबूल झाले. मग तिनं माझ्या जाकिटाची बाही चिमटीत धरून बघितली. "कापड दनकट हाय. किती खिशे हायत गं! हे मला ठिवा. पहाटं लय गार लागतंय." मी तिथंच उतरवून दिलं. त्याच्या बदल्यात तिनं पिशवीतला नवऱ्याचा दुसरा शर्ट दिला, एका कोपराला ठिगळ लावलेला.

पुढचे दोन दिवस मी फक्त हरभरा उपटला. कॅमेरा पाटीखाली झाकून माझ्या पातीच्या तोंडाशी. मोजे घालूनही बोटांच्या बेचक्यात आंबेनं आग झाली, कंबर धरली. टोळीतल्या बायका माझ्या दुप्पट वेगानं पुढं जायच्या आणि माझ्या उरलेल्या ओळी परतताना गप्पा मारत उरकून टाकायच्या. मुकादमीण मिलिटरी जाकिटात सगळ्यांच्या पुढं. एका खिशात मिसरीची डबी, एकात मोबाइल, एकात चष्मा, एकात भाकरीसोबत खायच्या हिरव्या मिरच्या. ज्यानं ते जाकीट शिवलं त्यानं इतका चांगला उपयोग कल्पनेतही आणला नसेल. आणि तिला ते लपवत मुळीच नव्हतं. दोन शेतांपलीकडून ती ओळखू यायची.

कळप दोन्ही दिवस आला. दुसऱ्या दिवशी शंभर पावलांवर, तिसऱ्या दिवशी साठ. मी उपटत राहिले.

चौथ्या दिवशी रानात फक्त शेवटचा पट्टा उरला होता. ऊन नुकतंच कोवळं पडलेलं. काळवीट पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला शिरलं आणि घाटे खात खात आमच्याकडं यायला लागलं. पन्नास पावलं. चाळीस. मी पाटी उचलली, गुडघ्यावर बसले. लेन्समधून बघितलं तर त्याच्या आणि माझ्या मधे मुकादमीण, अर्धी वाकलेली, हातात हरभऱ्याची पेंडी. ती चौकटीत येत होती. थोडं बाजूला सरकून तिला टाळता आलं असतं, पण सरकायला वेळ नव्हता. न विचारता बटण दाबता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं.

काळविटानं मान वर केली.

मी नेहमीच्या आवाजात, मीठ मागावं तसं विचारलं, "मावशी, तुम्ही येताय फोटोत. काढू का?"

तिनं वळून बघितलं नाही. पेंडी खाली ठेवली, मोज्याच्या हातानं डोक्यावरचा टॉवेल नीट केला, जाकिटाची कॉलर ओढून सारखी केली आणि पुन्हा वाकली.

"काढा," म्हणाली. "हसू न्हाई न्हवं?"

"हसा की," मी म्हणाले.

मागून ती तरणी पोरगी ओरडली, "मॅडम, त्येला बी इचारा!" सगळ्या हसल्या. काळवीट घाटा चावत तिथंच उभं राहिलं, सरळ माझ्याकडं बघत. मी सहा फोटो काढले.

त्यातला चौथा चांगला आला. तो मी मोठा करून दुकानात निळ्या पडद्याच्या बाजूला लावला आहे, अर्थात तिला विचारून. आधार कार्डाला आलेली गिऱ्हाइकं काळवीट बघतात आणि मग विचारतात, मधे मिलिटरीतली बाई कोण आहे. मी सांगते की टोळीची मुकादमीण आहे, आणि हा फोटो कसा काढायचा ते तिनंच मला शिकवलं.

एक प्रत तिला नेऊन दिली. तिनं ती हात लांब करून बघितली.

"पदर दिसंना गेलाय जाकिटात," म्हणाली. "पुढच्या साली परत काढा."