दिगंबर मागं बघत नसे

तुळजापूरच्या स्टँडवर बेंबळीच्या गाडीच्या कंडक्टरनं मला मागून हाक मारली. "गुरुजी, दिगंबरराव गेले हो... काल सकाळच्याला." मी वळलो तेव्हा तो तिकिटांची पेटी काखेत मारून उभा होता आणि गाडीतली माणसं खिडकीतून माझं तोंड बघत होती. मनात पहिल्यांदा काय यावं? दिगंबर माझ्या जागी असता तर वळला नसता, नुसता जागेवर थांबून म्हणाला असता, "बोला." या गोष्टीला आता दीड महिना झाला. मी हायस्कुलात गणित शिकवतो, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना बाकावर उभं करतो. तरीही जे लिहिणार आहे ते जसं घडलं तसंच लिहिणार आहे. त्यात माझा एक खोटेपणा आहे, तो कबूल केल्याशिवाय मला त्याच्याविषयी चार चांगले शब्द लिहिण्याचा हक्क नाही.

दिगंबर बेंबळीच्या धनगराचा मुलगा. मेंढरं वळवता वळवता काठीनं दगड अडवायची त्याला सवय. पोलीस अ‍ॅक्शननंतर तो चुलत्याबरोबर हैदराबादला पोटासाठी गेला, तिथं एका खात्याच्या हॉकी संघाचा सराव कुंपणाबाहेरून बघत राहिला, आणि एकदा बाहेर आलेला चेंडू त्यानं हातातल्या काठीनं असा काही परत मारला की कप्तानानं त्याला आत बोलावून घेतलं. तो झाला फुलबॅक. म्हणजे सगळ्यांच्या मागं उभा राहून हल्ला अडवणारा. त्याच्यामागं फक्त गोलकीपर. या संघाचा गोलकीपर होता यूसुफभाई, वयानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा. फुलबॅकची नजर समोर असते, मागचं त्याला दिसत नाही, म्हणून मागून गोलकीपर ओरडून सांगतो, डावीकडं सरक, उजवीकडं सरक, चेंडू सोड, मी घेतो. आमच्याकडं घरातून निघालेल्या माणसाला मागून हाक मारणं अशुभ. दिगंबरची आई तर त्यावरून शेजारणींशी भांडायची. तिच्या पोराच्या पोटापाण्याचा धंदा मात्र मागून येणाऱ्या हाकेवर चालला. पहिल्याच दिवशी तो दचकून दचकून वळून बघायला लागला तेव्हा यूसुफभाईनं त्याला सांगितलं होतं, "पीछे नक्को देख रे. मैं हूं ना."

दोन हंगाम तो एकदाही वळला नाही. तिसऱ्या हंगामात एका सामन्यात चेंडू उडून गोलच्या तोंडाशी आला. यूसुफभाई पुढं धावला आणि ओरडला, "मेरा!" म्हणजे तू हात लावू नको. दिगंबरनं नुसतं थांबायचं होतं. त्या दिवशी कोण जाणे का, तो वळून बघायला गेला. अंगाबरोबर स्टिकही फिरली आणि यूसुफभाईच्या कानशिलावर बसली. माणूस तीन दिवस अंथरुणावर होता. दिगंबर उशाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी यूसुफभाईनं डोळे उघडून विचारलं, "पीछे देखा क्यूं रे? मैं था ना..." एवढंच. रागानं नाही, खरोखरच न कळल्यासारखं. त्याच रात्री तो गेला.

त्यानंतरची दिगंबरची कारकीर्द म्हणजे निम्म्या हिंदुस्थानचा नकाशा. त्या काळी चांगल्या हॉकीवाल्याला गिरण्या, खाणी, रेल्वेचे कारखाने बोलावून नोकरी देत. हजेरी कामावर लावायची आणि काम मैदानात करायचं. सोलापूरची एक गिरणी, मग भुसावळ, मग जबलपूर, मग कोलारकडच्या सोन्याच्या खाणी, मग झाशी... कुठंच वर्षा-दीड वर्षाच्या वर नाही. खेळात कसर म्हणावी तर तीही नाही. जिथं जाई तिथला गोलकीपर काही दिवसांनी कप्तानाकडं जाऊन सांगे, याच्यामागं मी उभा राहणार नाही. सोलापूरचा तर चिडूनच म्हणाला होता, "मी तोंड उघडायच्या आधी हा सरकतोय. कुणाचं ऐकतोय हा?" खाणीतल्या गोलकीपरचा सर्दीनं आवाज बसला होता, त्या दिवशी दिगंबर उलट जास्तच चांगला खेळला. सामना संपल्यावर तो गोलकीपर आपले पॅड मैदानातच टाकून घरी गेला.

हे सगळं त्यानं मला भर दुपारी सांगितलं, बेंबळीत त्याच्या अंगणात, ज्वारीच्या कडब्याच्या सावलीत. तो तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याच्या धाकट्या बहिणीला मी शिकवलेलं, तेवढीच आमची ओळख. ऊन इतकं होतं की समोरची वाट हलताना दिसत होती. मी भिंतीला टेकून बसलो होतो, तो मात्र भिंतीपासून हातभर पुढं, पाठ मोकळी सोडून. मी म्हणालो, "अरे, टेकून बस की."

"न्हाय गुरुजी. मागं जागा लागती."

"कुणाला?"

रखमा, त्याची बायको, ताक घेऊन आली, तीही त्याच्या मागून न जाता वळसा घालून गेली. इतक्या सहजपणे, की रोजचीच वाट असावी. माझ्या अंगावर उगीचच काटा आला आणि त्या काट्याचाच मला राग आला.

त्याच सुट्टीत धाराशिवला कचेरीमागच्या मैदानावर सामना ठरला. आमचा कारकून-मास्तरांचा संघ, त्यात फुलबॅकला दिगंबर, आणि समोर सोलापूरची तयार पोरं. आमचा गोलकीपर तापानं पडला म्हणून मला उभं केलं, कारण शाळेत असताना मी दोनदा गोलमध्ये उभा राहिलो होतो. सामन्याआधी दिगंबर माझ्याजवळ आला. पॅड मला नीट बांधता येईनात. तो उकिडवा बसून माझे पट्टे आवळायला लागला आणि खाली मान घालून बोलला. "गुरुजी, लई वर्सं झाली, म्या जित्या मानसाचा आवाज ऐकला न्हाय मैदानात. त्योच येतो, दुसरा कुनाचा येऊच देत न्हाय. आज तुमी वरडा. तुमचा आवाज आला तर समजंन, यूसुफभाईनं मला सोडलं. मग झाशीला जात न्हाय. हितंच ऱ्हातो, मेंढरं राखतो." रखमाला तेव्हा सातवा महिना होता. ती सावलीत बसून आमच्याकडं बघत होती. तिनं मला आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, "गुरुजी, ह्या खेपेला त्यांना जाऊ देऊ नगा."

सामना सुरू झाला. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. सोलापूरची पोरं वाऱ्यासारखी येत होती आणि माझ्या तोंडून साधा हुंकार निघेना. मी उजव्या खांबाला धरून उभा राहिलो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्यापुढं दहा पावलांवर दिगंबरची पाठ. ती पाठ दर वेळी आधी मान हलवी, कुणी काही सांगितल्यासारखी, आणि मग सरके, नेमकी चेंडू येणार त्याच जागी. एकदा तर त्यानं मागं न बघता हात वर करून "हां" म्हटलं. मैदानात वारा नव्हता. मला काही ऐकू आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. एकही गोल झाला नाही. सामना संपल्यावर मी खाली बघितलं तेव्हा माझ्या डाव्या बाजूची चुन्याची रेघ पायांनी पार पुसून गेली होती. त्या बाजूला मी गेलोच नव्हतो. आधी कुणी खेळलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण ती रेघ मध्यंतरातच माझ्यासमोर नव्यानं आखली होती.

दिगंबर आला. घामानं भिजलेला, डोळे भरलेले. "गुरुजी, आवाज तुमचाच व्हता ना? सांगा."

मी रखमाकडं बघितलं. लोक माझ्या पाठीवर थाप मारत होते, शाब्बास म्हणत होते. दया किती आणि मोठेपणाचा मोह किती, याचा हिशोब मला आजही लागलेला नाही. मी म्हणालो, "हो."

तो राहिला. बेंबळीतच राहिला, मुलगी झाली, मेंढरं वाढली. पुढं मी कधी गेलो की तो पाठ भिंतीला टेकवून ऐसपैस बसलेला दिसायचा आणि रखमा त्याच्या मागूनपुढून बिनधास्त वावरायची. मला बरं वाटायचं आणि तरी मी लवकरच उठून निघायचो. मी त्याची आणि एका मेलेल्या माणसाची फसवणूक केली होती. बाजारात अचानक कुणी मागून हाक मारली की मी दचकायचो. मला नेहमी वाटे, जाब विचारायला कुणीतरी येणार आहे.

शेवटचा भेटलो तेव्हा तो छातीच्या दुखण्यानं खचला होता. सकाळचे दहा वाजले असतील. घरात शिरलो आणि दारातच थबकलो. त्याची बाज भिंतीपासून हातभर पुढं ओढली होती. रखमा माझ्याकडं न बघता म्हणाली, "चार दिस झाले. त्यांनीच वढायला लावली."

मी त्याच्याजवळ बसलो आणि इतक्या वर्षांचं सगळं एका दमात बोलून टाकलं. की मी ओरडलो नव्हतो, की मला भीती वाटली, की मी खोटं बोललो. तो ऐकत राहिला. मग हसला. "म्हाईत हाय गुरुजी. त्याच दिशी कळलं व्हतं. सामना सुटल्यावर तुमी पानी मागितलं, तवा तुमच्या घशातून आवाजच निघंना. असा मानूस काय वरडंल?"

"मग राहिलास का?"

"म्या हिंडत व्हतो तवर त्यालाबी हिंडावं लागत व्हतं. दमला आसंल बिचारा. तुमी व्हय म्हनलात, त्यो मोकळा झाला. त्या दिसापासनं आवाज न्हाय. आता..." त्यानं डोळ्यांनीच बाजेमागच्या जागेकडं खूण केली. "आता आलाय. मला घिऊन जायला. तुमी फकस्त एक करा. म्या निघालो की मागनं हाक मारू नगा."

मी मारली नाही. तो गेला तेव्हा मी तुळजापुरात तास घेत होतो. चौदाव्याला गेलो. बाज अजून तिथंच, भिंतीपासून हातभर पुढं. रखमा त्या फटीतून झाडू फिरवत नाही. त्याची नीट माफी मागायची राहून गेली, हे दुःख मला फार आहे. त्यानं मला क्षमा केली असेल, पण माझ्या तोंडून "चुकलो" हा शब्द काही निघाला नव्हता.

मागच्या आठवड्यात नववीच्या वर्गात फळ्यावर समीकरण सोडवत होतो. भर दुपार, पोरं माना खाली घालून उतरवून घेत होती. उत्तर जुळेना. मी खडू टेकवून उभा राहिलो, आणि मागून, दहा पावलांवरून, कुणीतरी शांतपणे म्हणालं, "डावीकडं, गुरुजी."

पोरांच्या लेखण्यांची कुरकुर तशीच चालू होती. मी डावीकडं बघितलं. पहिल्याच ओळीत माझं चिन्ह चुकलं होतं. मी मागं वळलो नाही. "चुकलो," असं मोठ्यानं म्हणालो आणि डस्टर हातात घेतलं.