आधी वास

लेकीने मला नाशिकजवळच्या एका वायनरीत नेलं, तेव्हा सूर्य धरणाच्या पाण्याकडे कलू लागला होता. द्राक्षांच्या ओळी, गार तळघरातली लाकडी पिंपं असं सगळं बघून झाल्यावर माहिती सांगणाऱ्या मुलीने आम्हाला गच्चीवर बसवलं आणि ग्लासात बोटभर वाइन ओतली. मी ग्लास तोंडाला लावणार, तोच ती म्हणाली, "काका, लगेच नाही. आधी वास घ्या."

मी थबकलो. माझी बायको प्रत्येक घास आधी नाकाशी न्यायची, मग तो वरणभाताचा असो की पेरूच्या फोडीचा. मला ते खपायचं नाही. अन्नाचा वास घेणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं आमच्या घरचं वळण. चारचौघांतसुद्धा मी तिच्यावर डाफरायचो. "अहो, नावं नाही ठेवत, ओळख करून घेतेय," एवढंच ती म्हणायची. पुढे पुढे माझ्यासमोर तिने ते सोडूनच दिलं. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

आणि इथे वीसेक शहाणी माणसं ग्लासात नाक खुपसून, डोळे मिटून बसली होती. कुणाला पेरूचा वास आला, कुणाला मिरीचा. ही असती तर तिला किती वास आले असते!

ऊन गेलं, जेवणाची ताटं आली. मी पहिला घास उचलला आणि नाकाशी नेला. तूप, लसूण, किंचित धूर.

लेक बघतच राहिली. "बाबा, काही बिघडलंय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "ओळख करून घेतोय."