भाऊजींनी परत मागितलेला रिपोर्ट

तुझ्या धाकट्या आजोबांना, म्हणजे माझ्या दिराला, सगळी गल्ली खरखर म्हणायची. तोंडावर खरखर काका, पाठीमागे नुसतंच खरखर. मी भाऊजी म्हणायची, तेव्हा तूही भाऊजीच लिही.

काम लिफ्ट दुरुस्तीचं. अंगाने किडकिडीत, बोटांना कायम काळं ग्रीस. लिफ्टमध्ये शिरले की आधी डोळे मिटून घ्यायचे. दोर कुठे कुरकुरतो, कुठल्या मजल्यावर चाक अडखळतं, सगळं कानाने ओळखायचे. लग्न केलं नाही. तुझे आजोबा म्हणायचे, "बरंच झालं. बायकोने पहिल्याच दिवशी याच्या एरियलवर कपडे वाळत घातले असते."

तर ते एरियल. गच्चीवर भाऊजींनी नळ्या जोडून जोडून एक मोठं सांगाड्यासारखं केलं होतं, आणि त्याची वायर खाली त्यांच्या खोलीत. लांबलांबची रेडिओ स्टेशनं पकडायची, हा नाद. काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, आवाज कसा होता, ते कागदावर लिहून त्या स्टेशनला पाठवायचं. त्याला म्हणायचं रिपोर्ट. त्यांना पटलं की ते उलट टपाली एक छापील कार्ड पाठवायचे, की हो बाबा, तू आम्हालाच ऐकलंस. अशी तीनशेच्या वर कार्डं बुटांच्या खोक्यांत भरलेली. एकदा कुठल्याशा परदेशी स्टेशनवर बाई बोलत होती, मी विचारलं, "भाऊजी, ती बाई बोलते तरी काय?"

"काय माहीत वहिनी. पण बोलते स्वच्छ!"

या नादातले गावात चौघे होते. त्यातले घड्याळवाले, म्हणजे घड्याळं दुरुस्त करायचे ते, भाऊजींचे जिवलग. जिवलग आणि जळणारेही. यांना एक कार्ड आलं की त्यांना दोन हवीत. चहाला आले की दोघं पोरांसारखी कार्डं मांडून बसायची.

आता तुझ्या पणजीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सासूबाईंनी सगळी उमर छापखान्यात कागदांना घड्या घालायचं काम केलं. पण घडी घालायच्या आधी कागद वाचायच्याच. औषधाचा असो, लग्नाचा असो. मालक म्हणायचा, "बाई, घडीचे पैसे देतो, वाचायचे नाही." आणि म्हातारपणी नेमके त्यांचे डोळे गेले. ऑपरेशन झालं, उपयोग झाला नाही. तरी पेपर बंद करू द्यायच्या नाहीत. सकाळी पेपर आला की मांडीवर पसरून त्यावर हात फिरवत बसायच्या आणि घरात कुणाची चाहूल लागते का बघायच्या. तुझे आजोबा ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. मला वाचता येत नाही. भाऊजी सुट्टीच्या दिवशी वाचायचे, पण गाळून गाळून. सासूबाई लगेच पकडायच्या. "एवढ्यात पान उलटलंस? चार बातम्या खाल्ल्यास मेल्या."

अशात गावात नवीन रेडिओ केंद्र निघालं. छोटंसं, गावापुरतं. टेकडीवर शिक्षकांचं कॉलेज आहे, त्याच्या गच्चीवर खांब लावला. एक चष्मेवाल्या बाई केंद्र चालवणार होत्या. त्यांनी जाहीर केलं, रोज सकाळी दहा वाजता पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवणार. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी.

हे भाऊजींनी घरी सांगितलं आणि सासूबाई उठून बसल्या. "शेवटपर्यंत? जाहिरातींसकट?"

"जाहिरातींसकट, आई."

"आणि निधनाच्या?"

"त्यासुद्धा."

त्या दिवसापासून दिवस मोजायला लागल्या. माझा स्वयंपाकघरातला रेडिओ त्यांच्या उशाशी नेऊन ठेवायला लावला. तो रेडिओ म्हणजे काय वर्णावा. मूठ तुटलेली, बॅटरीचं झाकण रबर लावून बसवलेलं, एरियल मोडलं म्हणून तिथे मी कपड्याच्या हँगरची तार खोचलेली.

केंद्र चालू व्हायच्या आधी आठ दिवस चाचणी होती. एक बाई हवामान सांगायची, परत तेच सांगायची, दिवसभर. केंद्राच्या बाईंनी या चौघांना बोलावून सांगितलं, कुठे कसं ऐकू येतं ते पाचपैकी आकडे देऊन लिहून द्या. पाच म्हणजे स्वच्छ, शून्य म्हणजे काहीच नाही. शनिवारी कागद वर सरकारकडे जाणार, मग वर्षभर खांबाला हात लावता येणार नाही. आणि सगळ्यात लांबून ऐकेल त्याला केंद्राचं पहिल्या नंबरचं कार्ड.

झालं! हे कानावर पडल्यावर ते दोघं थांबतायत होय? बुधवारी स्कूटरवर निघाले ते थेट धरणाच्या भिंतीवर. बावीस किलोमीटर. भाऊजींनी सोबत नळ्यांचं छोटं एरियल घेतलेलं. तिथे हवामानवाली बाई ऐकू आली! परत आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. त्याच संध्याकाळी चौघांनी रिपोर्ट देऊन टाकले. गच्चीवर पाच, वेशीवर पाच, धरणावर चार. कार्डावर कुणाचं नाव घालायचं यावरून दोघांचं वाजलंच होतं, कारण धरणावर रेडिओ आधी कानाला लावला कुणी, हे ठरेना.

गुरुवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "धरणावर ऐकलंस ना? मग आता मला ऐकव."

भाऊजींनी हँगरवाला रेडिओ लावला. काटा बरोबर जागेवर आणला. नुसती खरखर.

"हे काय?"

"थांब आई." रेडिओ उचलला, तार धरली. लगेच बाईचा आवाज आला, उद्या आकाश अंशतः ढगाळ. सासूबाई खूष. भाऊजींनी रेडिओ खाली ठेवला. खरखर. परत उचलला, बाई. खिडकीशी नेला, लोखंडी कपाटावर ठेवला, पलंगाखाली ठेवला. धरला की बाई, सोडला की खरखर.

सासूबाई म्हणाल्या, "मी पेपर ऐकायचा म्हणजे तू रोज तासभर खांबासारखा इथे उभा राहणार का रे? मग लिफ्ट कोण बघणार, तुझा घड्याळवाला?"

मला हसू आवरेना. पण भाऊजी हसले नाहीत. तसेच तार धरून उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, आपण टेकडीच्या अगदी पोटाशी आहोत. आवाज डोक्यावरून जातो. धरणावर जातो, इथे उतरत नाही."

"मग तुम्ही काय लिहून दिलंत?"

"पाच."

"कुठलं पाच?"

"गच्चीवरचं," म्हणाले, आणि पलंगाच्या कडेवर बसले.

मी म्हटलं, "ऐकणाऱ्यांच्या गच्चीवर एरियल असतं तर त्यांना केंद्र कशाला हवं होतं?" मी सहज बोलले हं. पण त्यांना लागलं. त्यांनी कामावर दोन दिवसांची रजा टाकली. त्या माणसाने ताप असताना रजा टाकली नव्हती.

घराघरांत जाऊन ऐकायचं ठरलं. ते आपला चांगला सेट पिशवीत घालायला लागले. मी म्हटलं, "हा नेलात तर परत पाचच येतील. माझा न्या. लोकांकडे असलेच असतात." मग म्हणाले, वहिनी, तुम्हीही चला, एकट्या पुरुषाला दुपारी कोण आत घेणार? मी शेजारणीला सासूबाईंपाशी बसवलं आणि निघाले.

पहिलं घर शिलाईवालीचं. ओट्यावर रेडिओ ठेवला. भाऊजी कान देऊन म्हणाले, "तीन."

मी म्हटलं, "शून्य."

"वहिनी, नीट ऐका. ती 'वारे' म्हणाली, 'पश्चिमेकडून' म्हणाली."

"तुम्हाला म्हणाली. मला नाही म्हणाली."

शिलाईवालीला विचारलं. ती म्हणाली, "काहीतरी तळतंय असं वाटतंय."

तीस वर्षं भाऊजींनी खरखरीतून शब्द वेचले होते. त्यांच्या कानाला खरखर म्हणजे पडदा, बाजूला सारायचा. आपल्यासारख्यांना ती भिंत. मग त्यांनी वही काढली आणि म्हणाले, "आकडा तुम्ही सांगायचा. मी फक्त लिहिणार."

असं गुरुवार-शुक्रवार फिरलो. रेडिओ जिथे रोज असतो तिथे ठेवायचा, हात काढायचा, तीन पावलं मागे यायचं, मग आकडा. पेन्शनवाल्या मास्तरांकडे मास्तर सारखे रेडिओला हात लावायचे. "अहो, धरलं की छान येतं!" "मास्तर, हात काढा." "पण छान येतंय ना!" "हात काढा!" शेवटी भाऊजींनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. एका घरात सुनेने पाच सांगितलं, सासूने शून्य सांगितलं, आणि आमच्यासमोर त्यांची जुनी भांडणं निघाली. आम्ही तिथून पळालो.

एकेचाळीस घरं झाली. सव्वीस घरांत शून्य.

शुक्रवारी संध्याकाळी भाऊजी मला घेऊन टेकडीवर गेले. घड्याळवाले आधीच तिथे बसलेले, कार्डाची चौकशी करायला. भाऊजींनी चपला काढल्या, वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, माझा रिपोर्ट मला परत द्या. तो चुकीचा आहे."

घड्याळवाले ताडकन उठले. "चुकीचा? माझ्या कानांनी ऐकलंय धरणावर!"

"ऐकलंय. पण धरणावर राहतं कोण? दोन वॉचमन."

"खरखरे, तुझं डोकं फिरलंय. वहिनींच्या हँगरवर केंद्र उभं करायचं का आता?"

बाईंनी वही पान पान बघितली. मग मला विचारलं, "हे आकडे तुम्ही दिलेत?"

"हो. लिहिलेत यांनी."

"हात काढून?"

"हात काढून, तीन पावलं मागे येऊन."

बाई म्हणाल्या, गावातल्या पाण्याच्या टाकीवर खांब लावायची परवानगी माझ्याकडे पहिल्यापासून आहे. पण तुमच्या चौघांच्या पाचांमुळे मी तो विषयच सोडून दिला होता.

घड्याळवाले म्हणाले, "टाकीवर लावलंत तर आवाज वेशीबाहेर पडणार नाही. धरण विसरा. बावीस किलोमीटर, खरखरे! असं आपल्याला परत मिळणार नाही."

भाऊजींना ते कार्ड किती हवं होतं ते मला माहीत होतं. तीनशे कार्डं होती, पण आपल्या गावचं एकही नव्हतं, आणि पहिल्या नंबरचं तर कुठलंच नव्हतं. बराच वेळ ग्रीसच्या बोटांकडे बघत राहिले. मग घड्याळवाल्यांना म्हणाले, "धरणावर आधी तूच कानाला लावलं होतंस. कार्ड तुझं. पण खांब टाकीवर जाऊ दे."

घड्याळवाले खाली बसले. मग पुटपुटले, "आधी तूच लावलं होतंस, गाढवा."

शनिवारी सकाळी खांब टाकीवर चढवला. वर चढून नट आवळायला भाऊजीच. उंचीची सवय लिफ्टमुळे. खालून दोरी धरायला घड्याळवाले, तोंड फुगवून का होईना. बाईंनी त्या दिवशी चाचणीला हवामान न लावता दहा वाजता सरळ पेपरच वाचायला घेतला.

मी घरी, सासूबाईंपाशी. रेडिओ उशाशी ठेवला, काटा लावला, हात काढला, तीन पावलं मागे आले. थोडी खरखर होती, नाही असं नाही. पण बाईंचा आवाज आला. पहिल्या पानापासून.

सासूबाईंनी मांडीवरचा पेपर नीट केला. बाई वाचत होत्या तसा त्यांचा हात एकेका रकान्यावरून खाली सरकायचा. दुसरं पान लागलं तेव्हा त्यांनीही पान उलटलं. मधे मी काहीतरी विचारायला गेले तर हाताने गप्प केलं. तासभर जागच्या हलल्या नाहीत.

भाऊजी दुपारी आले, गुडघे टाकीच्या गंजाने लाल झालेले. दारातूनच विचारलं, "किती वहिनी?"

मी म्हटलं, "तीन. साडेतीन म्हणा."

"साडेतीन नसतं. तीन लिहितो." आणि लिहिलं. त्या रिपोर्टचं कार्ड पुढे आलं, सतरा नंबरचं. त्यावर अंतर लिहिलेलं दीड किलोमीटर. ते वाचून घड्याळवाले पोट धरून हसले. पण बुटांच्या खोक्यात ते कार्ड सगळ्यांत वर असायचं, हे मी स्वतः बघितलंय.

मग भाऊजींनी सासूबाईंना विचारलं, "आई, कसं वाटलं?"

"बरं आहे," म्हणाल्या. "पण त्या बाईला जाऊन सांग, निधनाच्या फार भरभर वाचते. कोण गेलं ते नीट कळायला नको का माणसाला?"

भाऊजी जेवायच्या आधी परत चपला घालून टेकडीवर गेले, ते सांगायला.