धक्का कधी बसतो

बाबा गाडी अनवाणी चालवत. चपला काढून मागच्या सीटच्या पायाशी ठेवायच्या, तळवे एकदा पायपुसण्यावर घासायचे आणि मग किल्ली फिरवायची. पावसाळा असो, थंडी असो, यात बदल नाही. "पायाला पेडल कळलं पाहिजे," असं ते म्हणायचे. सरकारी कारखान्यात जन्मभर यंत्रं तपासण्यात गेलेल्या माणसाला असली वाक्यं शोभतात, म्हणून आम्ही कुणी वाद घालत नसू.

डावा गुडघा क्लच दाबायला कुरकुरू लागला तेव्हा त्यांनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. ब्रेक दाबून धरायचा, दांडा पी वरून डी वर आणायचा, झालं. "हे म्हणजे लिफ्टचं बटण दाबण्यासारखं," असं नाक मुरडून म्हणाले, पण रमले. पुढे आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि तिला फिजिओथेरपीसाठी मल्लेश्वरमला नेणं-आणणं सुरू झालं. रिक्षात तिला बसवत नव्हतं, टॅक्सीवाल्यांवर बाबांचा भरवसा नव्हता. निवृत्तीनंतर एवढं एकच काम त्यांच्याकडे उरलं होतं, आणि ते ड्युटीवर निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून निघत.

मग गाडी लाथा मारायला लागली. हा त्यांचाच शब्द. दांडा डी वर आणला की खाडकन आवाज, आणि सगळी गाडी पुढे उसळायची. आर वर टाकली तर मागे. पहिल्यांदा आई "आई गं" म्हणून ओरडली. नंतर ती ओरडेनाशी झाली, दांड्याकडे त्यांचा हात गेला की दरवाज्यावरची मूठ धरून डोळे मिटून बसायची. मी एकदा मागे बसले होते तेव्हा ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"बाबा, गाडी दाखवा कुठेतरी. आईची पाठ आहे ती, बॉक्सिंगची पिशवी नाही."

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून सांगितलं. बाबा भडकले. "कुठे दुखतंय ते न विचारता पोट फाडायला निघालेत!" त्यांचा जुना नियम होता: धक्का कधी बसतो आणि कधी बसत नाही, हे आधी बघायचं, मग पाना हातात घ्यायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर बरं कशानं वाटलं ते कळत नाही.

मी इंदिरानगरहून दर शनिवारी यशवंतपूरला घरी जायचे आणि बाबा मला प्रगती सांगायचे. गिअरबॉक्सचं तेल बदललं, धक्का कायम. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं ते तपासले, शाबूत. गाडी उभी असताना इंजिनाचे फेरे आपोआप चढतात, काटा वर जातो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. फेरे चढलेले असताना गिअर पडला तर धक्का बसणारच, हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. म्हणून इंजिनात हवा जाते ती वाट साफ करून घेतली. धक्का कायम.

कोपऱ्यावरचा कानडी मेकॅनिक स्वतः गाडीत बसला, रस्त्याला एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "सर, गाडी चेन्नागिदे. छान आहे. प्रॉब्लेम इल्ला."

"मी चालवत असताना येऊन बस," बाबा तुसडेपणानं म्हणाले.

आई पलंगावरून हसली. "अहो, नाचता येईना अंगण वाकडं!" बाबाही हसले. मीही हसले.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला गाडीत बसवलं आणि स्वतः बॉनेट उघडून समोर उभे राहिले. "डी... आर... परत डी." मी दांडा हलवत होते. गाडी मऊ मांजरासारखी. काटा जागचा हलला नाही.

"पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी वागते," मी म्हटलं.

त्यांनी बॉनेट खाली घेतलं, पुसायच्या फडक्याची घडी घातली. मग कंपाउंडच्या कडेच्या विटा आणून त्यांनी चाकांना पुढून-मागून लावल्या, हँडब्रेक ओढला.

"गाडी तीच, तेल तेच, जागा तीच," ते म्हणाले. "फक्त माणूस बदलला की धक्का जातो. आता मी बसतो. तू दार उघडं ठेवून खाली बस आणि माझ्या पायाकडे बघ."

मला तेव्हाच नको म्हणायचं होतं. पण त्यांच्या तपासणीत नको म्हणायची सोय कधीच नव्हती. त्यांनी चपला काढल्या, तळवे घासले, किल्ली फिरवली. मी फरशीवर उकिडवी बसले. त्यांनी ब्रेक दाबला. पाय ब्रेकवर होता, पण त्याची बाहेरची कड, करंगळीकडची, शेजारच्या अॅक्सिलरेटरवर टेकली होती. काटा चढला. त्यांनी दांडा ओढला. खाडकन गाडी उसळून विटांवर आदळली.

"पाय कुठे होता?"

"बाबा, कुठे आहे असं तुम्हाला वाटतंय?"

"ब्रेकवर."

"पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी दांडा पुन्हा पी वर नेला, पाय मात्र तिथेच ठेवला. मी हात पुढे केला आणि त्यांच्या करंगळीवर बोट दाबलं. ते माझ्याकडे बघत होते, मी काहीतरी सांगेन म्हणून वाट बघत. मी आणखी जोरात दाबलं, नख रुतेपर्यंत. चेहऱ्यावर काहीच नाही. साखरेचा आजार त्यांना कित्येक वर्षांचा. पाय बधिर होतात हे आम्ही ऐकून होतो, पण ते दुसऱ्यांचे. मला रडू फुटलं आणि मी मान खालीच ठेवली.

"दाबते आहेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"आत्ता?"

"हो, बाबा. मघापासून."

त्यांनी गाडी बंद केली. मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "विटा जागेवर ठेव. तुझ्या आईची वेळ झालीय."

आई सावकाश पायऱ्या उतरून आली. बाबांनी तिला मागे उशी लावून नीट बसवलं आणि गाडीला वळसा घालून माझ्या शेजारी, डावीकडे येऊन बसले. ती "हे काय?" म्हणाली, तर "लेकीला हात साफ करायचाय" असं उत्तर मिळालं. मी ब्रेक दाबला, दांडा डी वर आणला. आरशात दिसलं, आईनं मूठ धरून डोळे मिटले होते. गाडी आवाज न करता निघाली.

तिनं डोळे उघडले. "अगंबाई! धक्काच नाही. सापडलं वाटतं एकदाचं?"

"सापडलं," बाबा म्हणाले.

"मग पुढच्या वेळी तुम्हीच चालवा हो. ही फार जोरात नेते."

बाबा समोर बघत होते. सवयीनं त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, आणि मल्लेश्वरमपर्यंत प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय रिकाम्या मॅटवर दाबला जात होता.