दुसरा चहा

नामदेव गेल्याचं मला नागपूरच्या बर्डी बाजारात, माझ्याच दुकानात कळलं. कोराडीच्या वीजकेंद्रातला एक फिटर जुना ट्रान्झिस्टर घ्यायला आला होता. घासाघीस करता करता म्हणाला, "आमचे नामदेवभाऊ गेले ना आज सकाळी. तुमचे दोस्त होते म्हणे." मी म्हटलं, "होते." आणि भाव काही उतरवला नाही... संध्याकाळी घाटावर गेलो, पण मागेच उभा राहिलो. पाच वर्षं आमचं बोलणं बंद होतं, आणि चूक त्याची आहे याबद्दल मला घाटावरसुद्धा शंका नव्हती.

मी फुटपाथवर पोतं अंथरून रेडिओचे जुने व्हॉल्व विकत वर आलो. जीभ तिखट नसती तर तिथेच राहिलो असतो. नामदेव वीजकेंद्रात मीटर आणि यंत्रं दुरुस्त करायचा. रविवारी मी माझा भंगारातला माल घेऊन कॉलनीतल्या त्याच्या क्वार्टरवर जायचो आणि तो तपासून द्यायचा. त्याचा एक नियम होता. वस्तू सुरू करायची, कमलवहिनींनी चहा आणायचा, तो प्यायचा, गप्पा मारायच्या, मग दुसरा चहा. तो संपेपर्यंत वस्तू चालली तरच नामदेव मान हलवणार. "पहिल्या चहापर्यंत सगळंच चालते गा," म्हणायचा. मला असा उशीर सोसत नसे, पण त्याची मान हलली की गिऱ्हाईक डोळे मिटून माल घेई, म्हणून बसायचो.

पुढे नागपुरात कॉम्प्युटर दिसू लागले आणि भंगारात मला एक प्रोसेसर मिळाला. चाळीस पायांचा काळा किडाच, पाठीवरचं नाव कोणीतरी घासून काढलेलं. काटोलचा एक संत्र्याचा व्यापारी कॉम्प्युटरचा क्लास काढत होता. त्याला तो हवा होता, पण चालू असेल तरच. त्याच्यासारखं गिऱ्हाईक बांधलं तर व्हॉल्व-ट्रान्झिस्टरच्या धंद्यातून मी कायमचा वर निघणार होतो. त्याला घेऊनच नामदेवकडे गेलो. जाण्याआधी मात्र प्रोसेसरच्या पोटावर खिळ्यानं बारीक फुली ओढून ठेवली. कोणी बदलून दुसरा दिला तर ओळखता यावा म्हणून. दोस्ताकडे जातानाही मी ही खबरदारी घेतली, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

नाव नाही म्हणजे वीज कुठल्या पायाला द्यायची तेही माहीत नाही. नामदेवनं मीटर लावून एकेक पाय चाचपला, दुसऱ्या चांगल्या प्रोसेसरशी ताडून पाहिला, तेव्हा कुठे तो तपासणीसाठी स्वतः बनवलेल्या फळीवरच्या सॉकेटात बसवला. फळीवर चार लाल दिवे होते. प्रोसेसरला दुसरं काहीच काम द्यायचं नाही, नुसतं मोजत सुटायला लावायचं. मोजणी नीट चालली की दिवे लुकलुकतात, शेवटचा सगळ्यांत सावकाश. बटण दाबलं आणि चारही दिवे लागले की! पहिला चहा झाला, तरी लुकलुकतच होते.

"झालं," मी म्हटलं. "सांग यांना, चालते म्हणून."

"दुसरा चहा येऊ दे."

"अरे, डोळ्यांनी दिसून राहिलं ना!"

"चालून राहिलं, हे मले बी दिसते. काहून घाई करतं गा? चालते असं मी आत्ता म्हननार नाई."

व्यापाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, नामदेवकडे पाहिलं, आणि बसची वेळ झाली म्हणून उठला. माझं डोकं फिरलं. "ठेव तुझ्याच घरी, पूजा कर त्याची," असं ओरडून मीही निघालो. आठ दिवसांनी कळलं की व्यापाऱ्याला प्रोसेसर मिळाला. कुठून, ते मी विचारलं नाही. माझाच असणार, नामदेवनं परस्पर विकला असणार, हे मी स्वतःच ठरवून टाकलं. नामदेवनं दोनदा निरोप धाडला, "येऊन सोता पाहून जा." मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात वहिनींनी बोलावलं. क्वार्टर रिकामं करायचं होतं. "भाऊजी, तुमचं सामान हाये. ते कोनाले हात लावू देत नव्हते." फळी टेबलावरच होती. सॉकेटातला प्रोसेसर उपटून उलटा केला. पोटावर माझी फुली.

म्हणजे विकला नव्हता. पण मग चालू माल असून माझं गिऱ्हाईक का घालवलं? तो परत बसवला, बटण दाबलं. दिवे लुकलुकले. वहिनींनी न सांगता चहा आणला. मी पीत होतो आणि आतून पुन्हा तापत होतो, मेलेल्या माणसावर. दुसरा कप अर्धा झाला आणि चारही दिवे जागच्या जागी थांबले. दोन पेटलेले, दोन विझलेले. प्रोसेसरवर बोट ठेवलं तर चटका बसला.

"बिघडलं का भाऊजी?" वहिनी घाबरल्या.

"नाही वहिनी. आधीपासूनच बिघडलेलं होतं. तापलं की थांबायचं." आणि मला हसू आलं. आपला माल बंद पडला म्हणून आनंद व्हावा, असं माझ्या धंद्यात कधी झालं नव्हतं. पाच वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा मी त्या टेबलावर उतरवला आणि उरलेला चहा सावकाश प्यालो.

तरी एक तक्रार राहिलीच. दोनदा निरोप धाडलास गा, तिसऱ्यांदा स्वतः का आला नाहीस? मला चार शिव्या देऊन ओढत का नेलं नाहीस?

फळी आता माझ्या दुकानात आहे. परवा एक गिऱ्हाईक दुसऱ्या चहाआधीच चिडून निघून गेलं, आपली वस्तू सॉकेटातच सोडून. ती दुसऱ्या चहानंतरही चालत होती. निरोप धाडायला कागद घेतला होता. तो ठेवून दिला, चपला घातल्या आणि त्या गिऱ्हाइकाच्या घरी गेलो.