फळीवरचे घाव

लाकूड मातीत टिकत नाही. म्हणून उत्खननात जुन्या विहिरीच्या चिखलात आम्हाला फळी सापडली तेव्हा सगळे हरखले. तिच्यावर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराचे, घाव अजून स्पष्ट होते. पण सगळे भलत्याच बाजूला कललेले. भिंग घेऊन आम्ही दोन दिवस वाद घातला. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा हात ओळखायचा, हाच आमचा धंदा.

मातीचं घमेलं घेऊन चाललेले आमचे मजूर दगडूभाऊ मागे थांबले. "बाई, ह्यो सुतार डावरा व्हता."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. तो स्वर आठवला की अजून कान तापतात.

"सुतारच हाय मी. आता तयार फर्निचर मिळतं, कोण बोलावतंय?" त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि डाव्या हाताने हवेतच तासून दाखवलं. घाव अगदी तसेच पडले असते.

त्याआधी महिनाभर रोज चहा देताना ते म्हणत, "डावा हात हाय बाई, राग नका धरू." मी "असू दे" म्हणायचे आणि मान वर न करता कप घ्यायचे.