सातवी सही

मला सोळाव्या वर्षापासून फिट येते. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण पहिली फिट नळावर, भरल्या रांगेतच आली होती. त्यामुळे लपवायचा प्रश्न कधी आलाच नाही. लपवून जगणाऱ्याच्या जिवाची काय तगमग होते, हे मला कळलं नाही ते बहुधा म्हणूनच.

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकुनी करता करता चाळिशीत मला इंटरनेटवर फिट येणाऱ्यांचा एक गट सापडला. परदेशातली एक सेवाभावी संस्था तो चालवायची. जगभरची माणसं टोपणनावानं तिथं बोलायची. गोळी चुकली तर काय, गाडी चालवावी का, मूल होऊ द्यावं का. मी आधी नुसता वाचायचो, मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहू लागलो. एक दिवस संस्थेच्या बाईंचा मेल आला. भारतातले सभासद वाढलेत, तर तुमच्या देशाची स्वतंत्र शाखा काढाल का? मी त्याच दुपारी हो म्हणून टाकलं. तोवर कुणी मला काही उभं करायला सांगितलंच नव्हतं.

आम्हाला सात संस्थापक हवे होते, खऱ्या नावापत्त्याचे. टोपणनावांमागची माणसं शोधताना मी धरून सहा जण जमले. सातव्या म्हणून मी अक्कलकोटजवळच्या एका बाईंना विचारलं. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. गटावर सगळ्यांत समजूतदार उत्तरं त्यांचीच असायची. शिवाय त्यांना मराठीबरोबर कानडीही येत होती.

फोनवर त्यांनी आवाज खाली आणला.

"सर, सासरी कुणाला म्हाईत न्हाय. फक्त ह्यांना. लग्नाआधीच सांगितलं होतं मी. हे म्हणाले, घरात बोलू नको, मी बघतो. बारा वर्षं झाली."

"नोंदणीचा कागद फायलीत राहतो, ताई," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

आठवड्याभरानं मी एसटीनं त्यांच्या शाळेत गेलो. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. त्यांनी कागद दोनदा वाचला. "माझं खरं नाव आन् ह्या आजाराचं नाव एका कागदावर पहिल्यांदाच बघतेय," असं म्हणाल्या आणि सही केली.

शाखा नोंदली गेली. परदेशातून अभिनंदन आलं आणि मी हुरळून गेलो. संस्थेच्या नावाची पाकिटं छापून घेतली. त्या नावातच 'अपस्मार' हा शब्द होता, तोही ठळक. सातही जणांना नियुक्तीची पत्रं रजिस्टर पोस्टानं पाठवली. मेलवर भागलं असतं. कुणी पत्र मागितलंही नव्हतं.

अक्कलकोटकडचं पत्र सासऱ्यांच्या हाती पडलं.

चार दिवसांनी बाईंचा फोन आला. "पत्र कशाला घातलं ओ, सर?" एवढंच म्हणून त्या रडू लागल्या. त्यांना मुलीसकट होटगीला, माहेरी आणून सोडलं होतं. मी सासरी जाऊन बोलतो म्हणालो, तेव्हा रडणं थांबलं. "जावा पायजे तर. पण ह्यांना म्हाईत होतं, हे तितं बोलू नका. बाप-लेकाचं तुटंल."

मी रविवारी गेलो. सासरे शांत माणूस, आधी चहा मागवला. मी सगळं सांगितलं. हा आजार औषधानं आटोक्यात राहतो, मीच बघा, संसार करतो, नोकरी करतो. त्यांनी ऐकून घेतलं.

"आजाराचं काय न्हाय ओ," ते म्हणाले. "दुखणं कुणाला चुकलंय? बारा वर्षं आमाला फसवलं, त्याचं हाय."

त्यांचा मुलगा दाराशी बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. एक शब्द बोललो असतो तर फसवणुकीचा अर्धा भार तिथल्या तिथं हलला असता. माझ्या जिभेवर आलं होतं. पण बाईंनी मागितलेली एकच गोष्ट तेवढी होती. मी कप खाली ठेवला आणि उठलो. तो स्टँडपर्यंत माझ्यामागं आला, मोटारसायकल ढकलत. एसटी सुटेपर्यंत उभा राहिला.

मी बाईंना म्हणालो, तुमचं नाव काढून टाकू. त्या म्हणाल्या, "आता काढून कुणापासून लपवायचं, सर?"

त्या अजून होटगीतच आहेत. तिथूनच शाळेला जातात. नवरा दर रविवारी मुलीला भेटायला येतो, जेवून संध्याकाळी परत जातो. शाखेचे मराठी आणि कानडी फोन बाईच घेतात. लग्न ठरलेल्या मुली विचारतात, सांगू का नको? त्या काय उत्तर देतात, ते मला माहीत नाही. विचारायचा धीर झालेला नाही.

महिन्यातून एकदा आम्हा सातजणांची ऑनलाइन बैठक असते. एकदा बाकीचे यायच्या आधी आम्ही दोघंच पडद्यावर होतो. मी म्हणालो, "ताई, त्या पत्राबद्दल..."

"मीटिंगचं बोला, सर," त्या म्हणाल्या.

मी विषयपत्रिका वाचायला घेतली.